वुशू म्हणजे नाच?

कोथरूडचा_वाकडा: इथल्याच एका पोस्टीत वाचलं, 'आशियाई खेळांतलं वुशू म्हणजे गालिच्यावरचा नाच, चीननं पदकं लाटायला घुसवलेला.' वुशू ही चिनी युद्धकला, १९९० ला बीजिंगनं आणली, कबूल. पण नाच? ताओलूत, म्हणजे हालचाली करून दाखवायच्या प्रकारात, १० पैकी ५ गुण हालचालींच्या अचूकपणाचे, ३ सादरीकरणाचे, २ काठिण्याचे. घोड्याच्या बैठकीत मांडी आडवी नसली की ०.१ गेला. हवेत ७२० अंश फिरून उतरताना पाय सरकला तर ०.१, हात टेकला तर ०.२, पडला तर ०.३. वर त्या उडीचे आणि पुढच्या हालचालीशी तिच्या जोडणीचे गुण बुडाले ते वेगळेच. मल्लखांबालाही पंचच गुण देतात. त्याला नाच म्हणा बघू पुण्यात.

तालीमवाला: मल्लखांबाला मध्ये ओढू नका. ते सादरीकरणाचे ३ गुण पंचाच्या मर्जीचेच. वुशूतला दुसरा प्रकार, सांदा, ती तरी खरी लढत. आपली आशियाई पदकं सगळी त्यातलीच. त्यांतली मोठी दोन: २०१० ला संध्याराणी, २०२३ ला हांगझोऊत रोशिबिना, दोघींना रौप्य. दोघी मणिपूरच्या. आपले मल्ल उतरवा, पट काढला, म्हणजे पायांत शिरून पाडलं, की विषय संपला.

कोथरूडचा_वाकडा: कसला संपला! दोघं पडले तर नंतर पडणाऱ्याला १ गुण. पाडून स्वतः उभा राहिला तरच २. पटात शिरलेला मल्ल सोबत खाली जातो. मिठी मारून काही केलं नाही, तर २ सेकंदांत पंच सोडवतो. खाली धरून ठेवायला गुणच नाहीत.

सदाशिव_३०: मूळ प्रश्न ताओलूचा होता. चालू द्या.

तालीमवाला: पट नको, मग ढाक, पकडून फेकायचा डाव.

कोथरूडचा_वाकडा: ग्लव्हजमध्ये बोटं बंद. पकड कशानं बसवणार, शेंडीनं?

तालीमवाला: शेंडीवर येऊ नका! लाथ आली की पाय धरून उलटवायचा, ते तरी चालतं ना?

कोथरूडचा_वाकडा: चालतं. सांदातली बरीच फेक तिथूनच निघते. पण अंगावर लाथ बसली की २ गुण आधीच गेलेले असतात.

फुलगाव_एक्सप्रेस: पाडायचं कशाला? ८ बाय ८ मीटरचा, ८० सेंटिमीटर उंच चौथरा आहे. एका फेरीत दोनदा खाली ढकला, फेरी तुमची. रेटण्यात मल्लांना कोण हरवणार?

कोथरूडचा_वाकडा: हं. हे बरोबर आहे. दुर्दैवानं.

तालीमवाला: स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.