कॅम्पर व्हॅनचा गॅस सिलिंडर कोकण किनाऱ्यावर कुठे बदलून मिळेल? (मदत हवी आहे)

नमस्कार. हरिहरेश्वरहून सागरी मार्गाने वेंगुर्ल्यापर्यंत कॅम्पर व्हॅनने जाण्याचा बेत असून स्वयंपाकासाठी ओळखपत्रावर मिळणारा ५ किलोचा सिलिंडर सोबत आहे. तो गुहागर, राजापूर किंवा देवगड परिसरात कोणत्या एजन्सीत वा पेट्रोल पंपावर रिकामा देऊन भरलेला मिळतो? घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरमधून लहान सिलिंडरमध्ये गॅस भरून घेणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो व्हॅनच्या तळाशी साचून राहतो, म्हणून तो मार्ग मला मुळीच नको. दाभोळ–धोपावे फेरीबोटीत सिलिंडर असलेली गाडी घेतात का, हेही कृपया कळवावे. खाऱ्या हवेने रेग्युलेटरच्या पितळी जोडावर हिरवट थर धरला आहे. रबरी नळीसह तो तपासून देणारा वाटेतला माहीतगार माणूस कोणी सुचवल्यास फार उपकार होतील.