साक्षीदाराच्या सोबतीला कोण?

साक्ष द्यायला गेलं की आपणच आरोपी असल्यासारखं वाटतं, असं बरेच जण म्हणतात. अगदी पटतं. पण इंग्लंडमधला माझा अनुभव जरा वेगळा. आमच्या गल्लीत एका आजींची पर्स हिसकावताना मी खिडकीतून पाहिलं आणि काही महिन्यांनी साक्षीचं बोलावणं आलं. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.

इथल्या फौजदारी कोर्टांत साक्षीदारांना आधार देणारी 'विटनेस सर्व्हिस' असते. २०१५ पासून ती 'सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस' ही धर्मादाय संस्था स्वयंसेवकांच्या जोरावर चालवते. मला एक निवृत्त बाई भेटल्या. तारखेआधीच रिकामं कोर्ट दाखवलं: न्यायाधीश इथे, आरोपी त्या काचेमागे, तुम्ही इथे उभ्या राहणार. साक्षीदारांची खोलीही वेगळी, त्यामुळे आरोपीच्या गोतावळ्याशी चहाच्या मशीनपाशी गाठ पडत नाही. मी घटनेबद्दल बोलायला लागले तर बाईंनी हात वर करून थांबवलंच! साक्षीतल्या मजकुरावर त्यांना अवाक्षरही काढता येत नाही. भीती वाटत असेल तर पडद्याआडून साक्ष द्यायची मुभा मागता येते, निर्णय कोर्टाचा.

त्या आजींसारख्या गुन्ह्याची झळ बसलेल्यांसाठी 'व्हिक्टिम सपोर्ट' ही संस्था आहे, १९७४ मध्ये ब्रिस्टलला सुरू झालेली. पोलिसांत तक्रार केली नसली तरी ते मदत करतात, हे फार जणांना ठाऊकच नसतं.

भारतातही २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे, सुप्रीम कोर्टाने मान्य केलेली. पण ती धोका किंवा धमक्या असलेल्यांसाठी. धोका नसलेल्या साध्या साक्षीदाराच्या शेजारी कोर्टाच्या व्हरांड्यात नुसतं बसणारं माणूस तिच्यात कुठे आहे?