क्रूझवर अख्खा दिवस नुसता समुद्र, आई-आण्णा कंटाळतील का?

गूळवाला_मार्केटयार्ड:
नमस्कार मंडळी, जरा मनातलं विचारतोय. आमचे आण्णा 40 वर्षं मार्केट यार्डात गुळाच्या अडतीत आहेत, सकाळी सौद्याला गेले की दिवस कधी मावळला ते त्यांना कळत नाही, सुट्टी म्हणजे जोतिबाची यात्रा नाहीतर पै-पाहुण्यातलं लग्न, बास. यंदा सीझन संपला आणि यात्रा झाली की एप्रिलमध्ये दोघांना घेऊन मुंबईहून लक्षद्वीपची क्रूझ करायची असं ठरवलंय, 4 रात्रींची. पण बुकिंगच्या कागदावर बघितलं तर दुसरा दिवस आणि चौथा दिवस बोट नुसती समुद्रातच, कुठं थांबायचं नाही की उतरायचं नाही. आईला बोट लागायची भीती आणि आण्णा म्हणतात दिवसभर तिथं करायचं काय रे? ताई म्हणते कॅन्सल कर आणि महाबळेश्वरला ने. पैसे भरायच्या आधी कुणी जाऊन आलेलं असेल तर खरं खरं सांगा, मला त्यांना खरंच निवांत बसलेलं बघायचंय.

शाहूपुरीची_सून:
दादा कॅन्सल करू नका! आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन हीच ट्रिप केली. पहिल्या समुद्राच्या दिवशी मी चूक केली ती तुम्ही करू नका, बोटीवर सकाळी कार्यक्रमांचा कागद मिळतो, योगा, तंबोला, जादूचे प्रयोग, संध्याकाळी गाणी, आणि पैसे भरलेत तर सगळं बघायचं म्हणून मी दोघांना या डेकवरनं त्या डेकवर पळवत होते. दुपारपर्यंत सासरे वैतागले आणि खोलीत जाऊन झोपले. परतीच्या दिवशी मी काहीच ठरवलं नाही. ते सकाळी सहाला चहा घेऊन कठड्याजवळच्या खुर्चीत बसले ते नाष्ट्यालाच उठले, मध्ये एकदा पाण्यातनं उडणाऱ्या माशांचा थवा दिसला, छोटे चंदेरी मासे पाण्यावरून सरळ तरंगत जातात हो, तर त्यांनी लहान मुलासारखी हाक मारली मला. आणि मग लग्नानंतर पहिल्यांदा ते माझ्याशी तासभर बोलले, त्यांच्या लहानपणी पंचगंगेला पूर आला की घाटावर बघायला कसे जायचे, कोण कुठनं उडी टाकायचं, सगळं. घरात एवढं बोलायला वेळ कुणाला असतो. जेवणाची काळजी नको, शाकाहारी भरपूर असतं, फक्त तिखट आपल्यासारखं नाही, सासूबाईंनी चटणीची आठवण खूप काढली.

रंकाळा_कट्टा:
माझं मत वेगळं आहे भावा. आईंना भीती आहे तर आधी मुंबई-गोवा 2 रात्रींची करून बघा, झेपलं तर पुढच्या वर्षी लक्षद्वीप. 4 रात्री मनात धास्ती घेऊन काढण्यात मजा नाही.

इंजिनरूम_गडहिंग्लज:
मी मर्चंट नेव्हीत इंजिनिअर आहे त्यामुळं जरा सविस्तर लिहितो. आधी बोट लागायचं. आपले कान आतनं सांगतात की आपण हलतोय आणि डोळ्यांना खोलीतल्या भिंती स्थिर दिसतात, त्या गोंधळानं मळमळतं. आंबा घाटात एसटीच्या मागच्या सीटवर बसलेला माणूस आधी ओकतो का नाही, तसंच जहाजाचं पुढचं आणि मागचं टोक जास्त हलतं, म्हणून केबिन मधली आणि शक्यतो खालच्या मजल्यावरची घ्या, भले बाल्कनी नाही मिळाली तरी चालेल. मोठ्या पॅसेंजर जहाजांना पाण्याखाली दोन्ही अंगाला माशाच्या परांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते डोलणं बरंच कमी करतात. एप्रिलमध्ये अरबी समुद्र तसा शांत असतो, मे संपत आला की तो उठायला लागतो. तरी मळमळलंच तर खोलीत पडून राहू नका, मोकळ्या हवेत येऊन क्षितिजाकडं बघत बसा, आलेपाक जवळ ठेवा. गोळी घ्यायची असेल तर त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यावी लागते आणि तिनं झोप येते, आईंना बीपीची वगैरे औषधं असतील तर तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

आता आण्णांचा प्रश्न, करायचं काय. मुंबई ते लक्षद्वीपचं अगत्ती बेट 900 किलोमीटरच्या आसपास आहे, जहाज ते अंतर एका दिवसाहून जास्त वेळ कापत जातं, म्हणजे तो दिवस रिकामा नाही, प्रवास तोच आहे. 30 मीटर उंचीच्या डेकवरनं क्षितिज 20 किलोमीटर लांब असतं, चारी बाजूंनी तेवढं पाणी आणि मध्ये आपण, हे जमिनीवर कुठं बघायला मिळणार नाही. जाताना जहाज दक्षिणेला जातं म्हणून सूर्यास्त उजव्या अंगाला, परतताना डाव्या, त्याप्रमाणं अर्धा तास आधी जागा धरा. दुपारी 12 ते 4 आत बसा, ऊन वरनं लागतंच, पाण्यावरनं उलटूनही लागतं, आणि टोपी दोरीवाली घ्या नाहीतर वाऱ्यानं गेलीच. रात्री जेवण झाल्यावर अंधाऱ्या बाजूला जाऊन चांदण्या बघा, मी 15 वर्षं बघतोय, अजून पोट भरलं नाही.

पहिल्या दिवशी भोंगा वाजेल, 7 छोटे आणि 1 लांब, घाबरू नका, तो सराव असतो, लाइफ जॅकेट आणि आपली जमायची जागा दाखवतात. कंटाळा न करता दोघांना घेऊन जा.

गूळवाला_मार्केटयार्ड:
लई आभार सगळ्यांचे. आण्णांना वाचून दाखवलं, त्यांचा पहिला प्रश्न, एवढ्या माणसांना गोडं पाणी कुठनं आणतात? दुसरा, सकाळी दर विचारायला फोन लागणार का? आईचा प्रश्न, केबिनमध्ये सकाळी देवापुढं निरांजन लावलं तर चालेल का?

इंजिनरूम_गडहिंग्लज:
पाणी समुद्राचंच, जहाजावर त्यातलं मीठ काढून गोडं करतात, मोठं काम असतं ते. फोन किनारा सुटला की बंद समजा, आणि फ्लाइट मोडवर ठेवा, नाहीतर जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला आपोआप जोडला गेला तर बिल येईल मोठं. दरांचं त्या दिवसांपुरतं दुकानात कुणावर तरी सोपवा. निरांजन आणि उदबत्ती नाही चालणार, समुद्रात आगीइतकं दुसऱ्या कशाला आम्ही भीत नाही. काकूंना म्हणावं पहाटे डेकवर या, पूर्वेला सूर्य पाण्यातनं वर येतो, तिथं हात जोडा. मी ड्युटी संपली की तेच करतो.

गूळवाला_मार्केटयार्ड:
मधली केबिन मिळाली, आत्ताच पैसे भरले. महालक्ष्मी एक्सप्रेसची तिकिटं आदल्या दिवशीची काढतोय, गाडी लेट झाली तरी धाकधूक नको.