जवळच्या प्रवासाला बिझनेस क्लास, तोही पॉइंट्सवर : चूक की बरोबर?

रेवाकाठ

विमानकंपन्या प्रवासावर देतात ते पॉइंट्स जमवणारी मंडळी भेटली की एक सल्ला ठरलेला असतो. पॉइंट्स लांबच्या प्रवासासाठी राखा, दोन तासांच्या विमानात बिझनेस क्लासवर उधळू नका. पाच वर्षं मी तो पाळला. आता मला तो चुकीचा वाटतो, म्हणून हा धागा काढते आहे.

आई-बाबांना एकदा तरी लांबच्या विमानात आडवं होऊन जाता यावं यासाठी मी पॉइंट्स साठवत होते. त्या पाच वर्षांत एकाच विमानात दोन रिवॉर्ड सीट्स, म्हणजे पॉइंट्सवर मिळणाऱ्या सीट्स, आम्हाला हव्या त्या आठवड्यात एकदाही मिळाल्या नाहीत. मधल्या काळात कंपनीने त्याच सीटसाठी लागणारे पॉइंट्स दोनदा वाढवले. मग बाबांच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर दुसऱ्या शहरात, विमानाने पावणेदोन तास. सहा महिन्यांत तीन फेऱ्या झाल्या आणि तिन्ही आम्ही दोघांनी बिझनेस क्लासने केल्या, सगळ्या पॉइंट्सवर.

सीट इकॉनॉमीसारखीच होती, फक्त मधली रिकामी. पण खुबा बदललेल्या माणसाला ती रिकामी जागा किती लागते ते मी पाहिलं. बाबा जरा तिरके बसू शकले, उठताना दोन्ही हातांवर भार देऊ शकले. एकदा विमानाला उशीर झाला तेव्हा लाउंजमध्ये त्यांना हातांची उंच खुर्ची मिळाली आणि स्वच्छतागृह दहा पावलांवर होतं. आणि मुख्य म्हणजे, एका खेपेला डॉक्टरांनी दोन दिवस आधी तारीख बदलली. तिकीट रद्द केलं, थोडं शुल्क कापलं गेलं, पॉइंट्स आणि कर परत आले. सगळ्यात स्वस्तातलं तिकीट पैसे देऊन काढलं असतं तर ते तेव्हाच बुडालं असतं.

वेगळं मत असेल तर जरूर लिहा. मला खरंच ऐकायचं आहे.

गणकयंत्र

बाबांना लवकर आराम पडो. पण निष्कर्षाशी असहमत, आणि आकडे मांडूनच सांगतो.

प्रत्येक कंपनीच्या पॉइंट्सच्या कार्यक्रमागणिक आकडे बदलतात, तरी समजा पावणेदोन तासांसाठी इकॉनॉमीला ८,००० आणि बिझनेसला १६,००० पॉइंट्स लागतात. तीन फेऱ्या, दोन माणसं, म्हणजे एकेरी बारा तिकिटं. बिझनेसचे १,९२,००० झाले, इकॉनॉमीचे ९६,००० झाले असते. जास्तीचे ९६,००० तुम्ही एकूण एकवीस तासांच्या बसण्यासाठी दिलेत, तासाला साधारण साडेचार हजार. दहा तासांच्या प्रवासाला समजा इकॉनॉमी २५,००० आणि बिझनेस ६०,००० आहे. तिथे जास्तीचे ३५,०००, तासाला साडेतीन हजार, आणि त्यात झोपायला अख्खा पलंग. मधली सीट रिकामी राहावी म्हणून तासाला पलंगापेक्षा जास्त मोजणं मला पटत नाही.

आणखी एक चूक बरेच जण करतात. बिझनेसचं तिकीट पैशांत तिप्पट महाग आहे, म्हणून आपल्या पॉइंटची किंमतही भरघोस आली असं ते धरतात. ते तिकीट तुम्ही कधी पैसे देऊन काढलं असतं का? नसेल, तर हिशेबात ती किंमत धरायचीच नाही. पैसे देऊन जे तिकीट खरोखर काढलं असतं, त्यातून रिवॉर्ड तिकिटावरचे कर वजा करा, उरेल त्याला पॉइंट्सनी भागा. ती तुमच्या पॉइंटची खरी किंमत.

रद्द करण्याची सोय म्हणाल तर ती पॉइंट्सच्या तिकिटाची आहे, बिझनेसची नाही. बहुतेक ठिकाणी इकॉनॉमीचं रिवॉर्ड तिकीटही तसंच रद्द होतं. तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा खरं तर इकॉनॉमीच्या बाजूचा आहे.

जुना_प्रवासी

गणकयंत्र, तुमचं गणित आज ठीक आहे. पण पॉइंट म्हणजे ठेव नव्हे, त्यावर व्याज मिळत नाही, उलट किंमत घसरत जाते. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये एएडव्हांटेज हा पॉइंट्सचा कार्यक्रम सुरू केला तेव्हापासून नियम कायम कंपनीच्या हातात आहेत. डेल्टाने २०१५ मध्ये रिवॉर्डचे दरपत्रकच काढून टाकलं, युनायटेडने २०१९ मध्ये. दर बदलता झाला की तुमचे ते ६०,००० उद्या ९०,००० होतात आणि तुम्हाला विचारणारं कुणी नसतं.

त्याहून वाईटही घडलं आहे. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाची अँसेट ही विमानकंपनी बुडाली तेव्हा तिचे पॉइंट्स तिच्याबरोबर गेले. २०१७ च्या ऑगस्टमध्ये एअर बर्लिनने दिवाळखोरी जाहीर केली, पाठोपाठ तिच्या टॉपबोनस कार्यक्रमानेही. लोकांनी वर्षानुवर्षं साठवलेले माइल्स, म्हणजे तिथले पॉइंट्स, निरुपयोगी झाले. "लांबच्या प्रवासासाठी राखा" म्हणणारे त्या खातेदारांना काय सांगणार? रेवाकाठ यांनी ज्या माणसासाठी साठवले त्याच माणसासाठी वापरले. योग्य केलं.

गणकयंत्र

साठवून ठेवा असं मी म्हटलेलंच नाही. खर्च करा, पण इकॉनॉमीत करा. त्याच पॉइंट्सवर तीनऐवजी सहा फेऱ्या होतात.

भटकंती_कायम

इथे सगळे "जवळचा बिझनेस क्लास" ही एकच वस्तू धरून भांडत आहेत. तसं नाही. युरोपात लुफ्तान्झा, एअर फ्रान्स, ब्रिटिश एअरवेज यांच्या छोट्या विमानांत पुढच्या काही रांगा, मधली सीट बंद आणि पडदा, सीट इकॉनॉमीचीच. अमेरिकेत अंतर्गत विमानांत पुढे दोन-दोनच्या रांगा, सीट खरोखर रुंद आणि मागे कलणारी. सिंगापूर एअरलाइन्सच्या बोइंग ७३७-८ मध्ये तर एकाच मार्गिकेच्या विमानात पूर्ण आडवी होणारी सीट आहे. काही कंपन्या दोन मार्गिकांचं मोठं विमान छोट्या टप्प्यावर फिरवतात, तिथे जवळच्या दराने लांबच्या प्रवासाची सीट मिळते. म्हणून तिकीट काढण्याआधी विमानाचा प्रकार आणि सीटचा नकाशा पाहायचा. तेवढं पाहिलं की अर्धा वाद मिटतो.

दुसरं, पुढे लांबचं विमान असेल तर जवळचा टप्पा वेगळा काढू नका. काही कार्यक्रमांत सुरुवात ते शेवट असा एकच दर असतो, त्यात छोट्या टप्प्याचा बिझनेस आपोआप येतो. एव्हिओससारख्या (ब्रिटिश एअरवेज वगैरेंचे पॉइंट्स), अंतरावर दर ठरवणाऱ्या कार्यक्रमांत मात्र सहसा प्रत्येक टप्प्याचे वेगळे पॉइंट्स लागतात. तिथे मोह होतो छोटा टप्पा वेगळ्या तिकिटावर स्वस्तात उरकायचा. पहिलं विमान उशिरा आलं आणि पुढचं चुकलं तर मग कुणी जबाबदारी घेत नाही. माझं एकदा चुकलं आहे. रात्र विमानतळावर काढली आणि पुढचं तिकीट पुन्हा पूर्ण किमतीला घ्यावं लागलं.

दूर्वांकुर

करांबद्दल कुणीच बोललं नाही. पॉइंट्सवर तिकीट "फुकट" नसतं. ब्रिटनमधून निघताना प्रवासी कर लागतो, तो विमानातल्या सगळ्यात खालच्या श्रेणीला कमी आणि त्यावरच्या कुठल्याही श्रेणीला जास्त. तुम्ही एक पैसा न देता पॉइंट्सवर वर गेलात तरी कर वरच्या श्रेणीचा. शिवाय २०१६ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना हा कर माफ आहे, पण फक्त खालच्या श्रेणीत. दोन मुलांना घेऊन बिझनेसचं रिवॉर्ड तिकीट काढायला बसले तेव्हा हे कळलं. चौघांचा कर मिळून जी रक्कम दिसली ती पाहून स्क्रीन बंद केली आणि इकॉनॉमीची चार तिकिटं काढली. मुलं खिडकीवरून भांडली, दीड तासात पोचलो.

म्हातारं माणूस सोबत असेल तर वेगळा विचार असू शकतो, हे मान्य.

सांजवारा

थोडं परखड लिहिते, रेवाकाठ यांनी गैरसमज करून घेऊ नये. बाबांना जे खरं हवं होतं ते त्यांना कुठल्याही तिकिटावर मिळायला हवं. चाकाची खुर्ची, सोबत माणूस, विमानात आधी चढवणं हे विनामूल्य असतं. युरोपात तर तो २००६ च्या नियमाने दिलेला हक्क आहे, फक्त ४८ तास आधी कळवायचं. माझ्या सासूबाई वर्षातून दोनदा अशाच जातात, कायम इकॉनॉमी, कायम मार्गिकेजवळची सीट. अशी मदत म्हणजे बिझनेसवाल्यांची चैन असं लोकांच्या मनात बसलं तर ज्यांच्याकडे पॉइंट्स नाहीत ते मागायलाच कचरतील. ही गोष्ट मला हिशेबापेक्षा मोठी वाटते.

रेवाकाठ

सांजवारा, गैरसमज नाही. चाकाची खुर्ची आम्ही प्रत्येक वेळी घेतली, आणि हो, ती कुणालाही मिळते हे मी मूळ लेखातच लिहायला हवं होतं.

पण खुर्ची विमानाच्या दारापर्यंत. पुढचे पावणेदोन तास बसायचं तिथेच. पाय पसरायला जास्त जागा म्हणून ज्या सीट्स विकतात त्यातल्या बऱ्याच आणीबाणीच्या दाराजवळच्या असतात आणि चालायला त्रास असलेल्या माणसाला तिथे बसू देत नाहीत. पहिल्या रांगेत समोर भिंत असते, पाय पुढे सरकवता येत नाही. मार्गिकेजवळची सीट घेतली तर खिडकीवाल्यासाठी दर वेळी उठायचं. खुब्यानंतर पहिले काही आठवडे ते उठणं म्हणजे काय, ते शेजारी बसून पाहिल्याशिवाय कळत नाही. बाबा ओठ घट्ट मिटून उठायचे आणि "काही नाही, काही नाही" म्हणायचे.

गणकयंत्र, रद्द करण्याबद्दल तुमचं बरोबर आहे. तो मुद्दा मी बिझनेसच्या खात्यात चुकीचा जमा केला.

पानगळ

हवामानाचा मुद्दा. ब्रिटिश सरकार उत्सर्जन मोजण्यासाठी जे गुणक देतं, त्यात जवळच्या प्रवासात बिझनेसच्या प्रवाशाचा वाटा इकॉनॉमीच्या सुमारे दीडपट धरतात. कारण सरळ आहे, तो जास्त जागा अडवतो. पॉइंट्स दिले म्हणून इंधन कमी जळत नाही. "आपल्या खिशातून काही गेलं नाही" ही भावनाच माणसाला नको तिथे वरच्या श्रेणीत बसवते. तुमच्या बाबांबद्दल काही म्हणणं नाही, पण धागा सगळ्यांसाठी आहे, आणि बहुतेक लोक धडधाकट असतात.

जुना_प्रवासी

त्याच गुणकांत लांबच्या प्रवासाचा बिझनेस इकॉनॉमीच्या जवळजवळ तिप्पट आहे. म्हणजे "जवळ नको, लांबसाठी राखा" हा सल्ला तुमच्या मापाने जास्त वाईट ठरतो. शिवाय मधली सीट तशीही रिकामीच जाणार असते.

काउंटरपल्याड

मी काही वर्षं विमानतळावर चेक-इनला काम केलं आहे, म्हणून शेवटच्या वाक्यापुरतं लिहितो. तशीही रिकामी जाणार, हे खरं नाही. युरोपीय पद्धतीच्या विमानात पडदा हलता असतो. बिझनेसची बुकिंग कमी असली की पडदा पुढे सरकतो आणि सुटलेल्या रांगा इकॉनॉमीत जातात, मधल्या सीटसकट. तुम्ही दोघांनी पॉइंट्सवर बिझनेस घेतलं की त्या रांगेतली एक सीट खरोखर बंद होते. जिथे पुढच्या सीट्स कायमच्या रुंद बसवलेल्या आहेत तिथे रोज असा बदल होत नाही.

आणि एक गोष्ट ठाऊक असू द्या. पॉइंट्सचं तिकीट म्हणजे कमी हक्काचं तिकीट नव्हे. विमानप्रवाशांच्या हक्कांच्या युरोपच्या २६१/२००४ या नियमात निष्ठा कार्यक्रमाच्या, म्हणजे पॉइंट्सवरच्या, तिकिटांचा वेगळा उल्लेख करून ती आत घेतली आहेत. १,५०० किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणात खालच्या श्रेणीत बसवलं तर तिकिटाच्या किमतीच्या ३० टक्के परत द्यायचे असतात. पॉइंट्सवाले प्रवासी काउंटरवर संकोचून गप्प बसतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. बसू नका.

पानगळ

काउंटरपल्याड, आभार. आणि जुना_प्रवासी, तिपटीचा मुद्दा मान्य. लांबच्या प्रवासासाठी राखा असं मीही म्हणणार नाही.

गणकयंत्र

रेवाकाठ, मधली सीट आणि आणीबाणीच्या दाराचा मुद्दा माझ्या आकड्यांत नव्हता. पहिल्या फेऱ्यांसाठी तुमचा निर्णय मी आता चूक म्हणणार नाही. पण एक विचारू? बाबा बरे झाल्यावरही तिसरी फेरी बिझनेसच का? तिथे सवय लागली असं मला वाटतं. माझ्याही घरात ती लागली होती. एकदा पुढे बसलं की मागे बसणं शिक्षा वाटायला लागते, आणि पॉइंट्स कधी संपले ते कळतही नाही.

रेवाकाठ

हा प्रश्न टोचला, आणि रास्त आहे. तिसऱ्या वेळी बाबा काठीशिवाय चालत होते. बिझनेस मी विचार न करता निवडला. खरं सांगायचं तर मलाच ते शांत पावणेदोन तास हवे होते. सहा महिन्यांत तेवढाच वेळ मला कुणी काही विचारत नव्हतं. त्यात चूक काय हे मला अजून कळत नाही, पण ते बाबांच्या नावावर खपवायला नको होतं.

पुढच्या महिन्यात तपासणीची फेरी आहे. भटकंती_कायम यांचं वाचून काल सीटचा नकाशा उघडला. या वेळी विमान छोटं आहे, दोन-दोनच्या रांगा, मधली सीटच नाही. बिझनेस घेतलं तर शेजारची सीट बंद राहणार, म्हणजे बाबा मार्गिकेच्या एका बाजूला आणि मी दुसऱ्या. बाबांना विचारलं. म्हणाले, शेजारीच बस. इकॉनॉमीतल्या चौथ्या रांगेतल्या दोन सीट्स घेतल्या आहेत, पॉइंट्सवरच, म्हणजे तारीख बदलली तरी हरकत नाही.