स्लीव्ह, बायपास की मिनी बायपास? वजन १३८ किलो, मधुमेह आणि रोजची जळजळ

कासारवडवलीकर

धाकट्या भावाच्या वजन उतरवण्याच्या (बेरिएट्रिक) ऑपरेशनाबद्दल विचारतोय. वय ४१, उंची १६८ सेंमी, वजन १३८ किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ४९च्या आसपास. मधुमेह ८ वर्षांपासून. तीन गोळ्या, शिवाय रात्री इन्सुलिन, तरी एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.९. स्लीप स्टडीत ॲप्निया (झोपेत श्वास थांबणं) गंभीर निघालाय. छातीत जळजळ जवळजवळ रोज, आम्ल कमी करणारं पॅन्टोप्राझोल चालू आहे. तंबाखू मळतो. ठाण्यातल्या सर्जननी स्लीव्ह सुचवली, वाशीच्या सर्जननी मिनी बायपास. कशावरून ठरवायचं? मौंजारोच्या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांनी ऑपरेशन टळेल का? मेडिक्लेम ५ लाखांचा आहे, ४ वर्षं सलग चालू.

दुर्बीण_वाशी

दादा, एंडोस्कोपी (दुर्बिणीने अन्ननलिका आणि जठराची तपासणी) झाली आहे का? तुम्ही लिहिलेल्या माहितीत तीच नाही, आणि निर्णय बराचसा तिच्यावर अवलंबून आहे.

स्लीव्हमध्ये जठराचा बाहेरच्या वळणाकडचा ७५ ते ८० टक्के भाग स्टेपल करून काढून टाकतात. केळ्याच्या आकाराची नळी उरते. भूक वाढवणारं घ्रेलिन मुख्यतः काढलेल्या भागातच तयार होतं, म्हणून भूकही कमी होते. आतड्याला हात लावत नाहीत. अडचण अशी की नळी अरुंद, जठराच्या खालच्या तोंडाशी असलेला झडपेचा स्नायू शाबूत, त्यामुळे आतला दाब वाढतो आणि आम्ल वर ढकललं जातं. आधी जळजळ नसलेल्या काहींनाही ती नव्याने सुरू होते. ज्याला आजच रोज जळजळ आहे, त्याच्या अन्ननलिकेत क किंवा ड श्रेणीची (म्हणजे तीव्र) सूज, बॅरेट (आम्लामुळे अस्तरात झालेला बदल) किंवा मोठा हायटस हर्निया (जठराचा भाग छातीत सरकणं) दिसला, तर माझं मत स्पष्ट आहे: स्लीव्ह नको, रू-एन-वाय बायपास करा.

या बायपासमध्ये जठराची साधारण ३० मिलीची पिशवी करतात आणि आतड्याचे दोन जोड देतात. पित्त आणि आम्ल पिशवीपासून दूर राहतं, म्हणून जळजळीवर हाच सर्वांत भरवशाचा उपाय. मिनी बायपासला जोड एकच, पिशवी लांब, वेळ कमी लागतो. पण पित्त जोडाच्या जवळून जातं, त्यामुळे काहींना पित्ताचा त्रास होतो. मिनी सुचवणाऱ्यांना विचारा की आतडं किती सेंमी वगळणार? १५० ते १८० सेंमी ठीक. २०० च्या पुढे गेलं की प्रथिनांची कमतरता आणि पातळ शौच वाढतं, आणि आपल्याकडच्या डाळ-भात-पोळीच्या जेवणात प्रथिनं आधीच कमी असतात.

मधुमेहाबद्दल आकडे: ‘स्टॅम्पीड’ चाचणीत ५ वर्षांनी एचबीएवनसी ६ किंवा त्याखाली आलेले बायपासमध्ये २९ टक्के, स्लीव्हमध्ये २३ टक्के, फक्त औषधांवर ५ टक्के. मात्र आजार जितका जुना आणि इन्सुलिन जितकं आधीपासून, तितका तो पूर्ण जाण्याचा संभव कमी. गोळ्या कमी होतील ही अपेक्षा ठेवा, मधुमेह संपेल ही नको.

तंबाखू मात्र ऑपरेशनाच्या निदान ६ आठवडे आधी आणि नंतर कायमचं बंद. बायपासच्या जोडावर अल्सर होण्याचं मोठं कारण तंबाखू, दुसरं ब्रुफेन-डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या. सुटत नसेल तर ऑपरेशन पुढे ढकला.

ऐरोली_सर्जिकल

वरच्या मताशी बहुतांश सहमत, पण स्लीव्हची बाजूही मांडायला हवी. एंडोस्कोपी स्वच्छ निघाली आणि जळजळ रात्री उशिरा मसालेदार खाल्ल्यामुळेच असेल, तर स्लीव्हला जागा आहे. बायपासनंतर आतडं मेसेंटरीच्या (आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्याच्या) फटीतून सरकून अडकू शकतं, तेही दोन-तीन वर्षांनी, वजन बरंच उतरल्यावर. तेव्हा पोटात मुरडा येऊन थांबत नसेल तर ‘गॅस आहे’ म्हणून घरी बसू नये, त्याच दिवशी सीटी करावा. शिवाय उरलेलं जठर आणि पित्तनलिका नेहमीच्या दुर्बिणीला पोहोचत नाहीत. पित्तनलिकेत खडा अडकला तर काम किचकट होतं. स्लीव्ह अपुरी पडली तर पुढे बायपास करता येतो. मात्र स्लीव्ह पूर्ववत करता येत नाही, कारण काढलेलं जठर परत जोडता येत नाही.

‘स्लीव्हपास’ चाचणीत ५ वर्षांनी जादा वजनातली घट स्लीव्हमध्ये ४९ टक्के, बायपासमध्ये ५७ टक्के होती. फरक आहे, पण प्रचंड नाही. १० वर्षांनी जास्त ठळक दिसला तो अन्ननलिकेच्या सुजेतला फरक, आणि तो स्लीव्हच्या विरोधात होता.

इंजेक्शनांबद्दल: टिर्झेपेटाइडने (मौंजारोतलं औषध) ७२ आठवड्यांत मधुमेह नसलेल्यांचं वजन सरासरी २१ टक्क्यांपर्यंत, मधुमेहींचं सुमारे १५ टक्के उतरलं. थांबवलं की बरंचसं परत येतं. बीएमआय ४९ ला ते ऑपरेशनाची जागा घेत नाही, पण ऑपरेशनाआधी यकृत लहान करायला उपयोगी पडू शकतं. घेत असाल तर भूलतज्ज्ञांना सांगाच, कारण जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. मधुमेहाच्या गोळ्यांत एम्पाग्लिफ्लोझिन किंवा डापाग्लिफ्लोझिन चालू असेल तर ऑपरेशनाच्या ३-४ दिवस आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद करतात. नाहीतर साखर फार न वाढताही कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साचणं) होऊ शकतो.

रुग्णालय निवडताना टेबल आणि सीटी मशिनची वजनमर्यादा, आणि रात्री सर्जन किती वेळात पोहोचतात, हे विचारा. घोडबंदर रोडवर राहताना हे महत्त्वाचं आहे. स्टेपल केलेल्या जागेतून किंवा जोडातून होणाऱ्या गळतीची पहिली खूण बहुधा ताप नसते, नाडी १२० च्या वर राहते. सोबत डाव्या खांद्यात दुखणं किंवा धाप. हे पहिल्या दोन आठवड्यांत झालं तर थेट भरती. सीपॅप मशिन (ॲप्नियासाठी झोपेत हवेचा दाब देणारं) ऑपरेशनाच्या काही आठवडे आधीपासून वापरायला लावा आणि दवाखान्यातही सोबत न्या.

आहार_कोपरखैरणे

ऑपरेशनाआधी दोन आठवडे ८०० ते १००० कॅलरींचा, जास्त प्रथिनांचा आहार. यकृत आक्रसतं आणि सर्जनला जागा मिळते. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन त्या काळात कमी करावं लागतं, नाहीतर साखर घसरते. हे आधी ठरवून घ्या.

नंतर पहिला-दुसरा दिवस पाणी, पातळ ताक, वरणाचं गाळलेलं पाणी. दोन आठवड्यांपर्यंत पातळ: दूध, मुगाचं कढण, प्रथिन पावडर. चौथ्या आठवड्यापर्यंत गुरगुट्या मऊ भात-वरण मिक्सरमधून, दह्यात पनीर कुस्करून, अंड्याची मऊ भुर्जी. सहाव्या आठवड्यानंतर हळूहळू नेहमीचं जेवण. नाचणीची आंबील सगळे देतात. चांगली आहे, पण प्रथिनं कमी, म्हणून तिच्यावर दिवस काढू नये. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं हवीत. पाणी दीड-दोन लिटर, घोटघोट. जेवताना आणि त्यानंतर अर्धा तास नाही.

पूरकं आयुष्यभर. कॅल्शियम सायट्रेट १२०० ते १५०० मिग्रॅ, एका वेळी ५०० ते ६००. लोह ४५ ते ६० मिग्रॅ, कॅल्शियमपासून दोन तासांच्या अंतराने आणि चहासोबत कधीच नाही. बी-१२ रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला १००० चं इंजेक्शन. डी-३ रोज ३००० युनिट. वजन झपाट्याने उतरताना पित्तखडे होतात, त्यासाठी सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड देतात.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते सततच्या उलट्यांकडे. दोन-तीन दिवस उलट्या चालू असतील तर बी-१ म्हणजे थायमिन आधी शिरेतून, ग्लुकोजचं सलाईन नंतर. उलटा क्रम झाला तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. छोट्या दवाखान्यात गेलात तर ‘बेरिएट्रिक झाली आहे’ हे दारातच सांगा.

टीपीए_ठाणे

क्लेमबद्दल. आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) प्रमाणित अटींनुसार वय १८ पूर्ण, आणि बीएमआय ४० किंवा जास्त. अथवा इतर उपाय फसल्यावर ३५ सोबत गंभीर ॲप्निया, काबूत न येणारा मधुमेह, हृदयविकार यांपैकी काही. तुमच्या भावाचं बीएमआय निकषात बसतं. मधुमेह पॉलिसी घेताना लिहिला होता का, हे पाहा. लिहिला नसेल तर आधी तेच बोला.

प्री-ऑथला (विमा कंपनीच्या आगाऊ मंजुरीला) लागतं ते: दवाखान्याच्या लेटरहेडवर उंची-वजन, स्लीप स्टडी, एचबीएवनसी, एंडोस्कोपी, आधीच्या डाएटच्या नोंदी, आणि ‘वैद्यकीय गरज’ लिहिलेलं सर्जनचं पत्र. सौंदर्यासाठी वजन उतरवण्याचा उल्लेख कुठेही नसावा. पॅकेज विचारताना स्टेपलरची काडतुसं किती धरली आहेत आणि जास्त लागल्यास कोण भरणार, हे लेखी घ्या. बिलात मोठी वाढ तिथेच होते. खोलीच्या भाड्याची मर्यादा असेल तर त्यातलीच खोली घ्या, वरची घेतली की बाकीच्या बऱ्याच रकमाही त्याच प्रमाणात कापल्या जातात.

कासारवडवलीकर

सगळ्यांचे आभार. एंडोस्कोपी झालेली नाही. या आठवड्यात करून घेतो, आणि अहवाल दोन्ही सर्जनना दाखवून किती सेंमी वगळणार ते विचारतो. तंबाखू सोडवायला समुपदेशन आजच लावतोय.