शब्दचर्चा: हृद्य, हृदयबल्य, अतालता

प्रश्न
पशुवैद्यकातला एक उतारा मराठीत आणतेय. हृदयाला बळ देणाऱ्या औषधांनी प्राण्यांमध्ये ठोके कसे बिघडतात, असा विषय आहे. या औषधांना 'हृद्य' म्हणावं का? आणि बिघाडाला 'अतालता' चालेल?

उत्तर
ताई, 'हृद्य' नको. चरकसंहितेतली हृद्य द्रव्यं पाहा: आंबा, करवंद, बोर, डाळिंब, महाळुंग. सगळी आंबट वळणाची फळं. मनाला रुचतं ते हृद्य. 'हृद्य सत्कार' म्हणतो तोही याच घरातला. डिजिटॅलिससारख्या हृदयाला बळ देणाऱ्या औषधाला तो शोभत नाही.

'हृदयबल्य' जवळचा, पण अर्धंच सांगतो. डिजिटॅलिस पेशीतला सोडियम-पोटॅशियम पंप अडवतं. आत सोडियम साचतं, त्यामागोमाग कॅल्शियम. कॅल्शियम वाढलं की आकुंचन जोरकस होतं. फार वाढलं की तेच अवेळी ठोके उठवतं. गिनीपिगच्या शिरेत वाबेन (याच कुळातलं औषध) सावकाश सोडत गेलं की हे ओळीनं दिसतं. आधी हृदय जोमानं आवळतं, मग मध्येच जादा ठोके, मग जवनिकांची (हृदयाच्या खालच्या कप्प्यांची) बेफाम धाव, शेवटी नुसती थरथर. मी 'आकुंचनबलवर्धक' लिहीन. शब्द लांब आहे, पण काय वाढतं ते नेमकं सांगतो.

आणखी एक उत्तर
'अतालता'बद्दल. ताल म्हणजे मात्रांचं आवर्तन, लय म्हणजे गती. तबला शिकणारं पोरही हे सांगेल. कर्णिका (हृदयाचे वरचे कप्पे) थरथरू लागल्या की जवनिकांचा ताल मोडतो, लयही चढते. डिगॉक्सिन (डिजिटॅलिसच्याच कुळातलं) लय उतरवतं, ताल जुळवत नाही. कर्णिका थरथरणाऱ्या कुत्र्यांना ते डिल्टियाझेम या दुसऱ्या औषधासोबत देतात तेही गती आवरायलाच. उलट डिजिटॅलिसच्या विषबाधेत कधीकधी ईसीजीवर एक ठोका वर, एक खाली, अशी घड्याळासारखी धाव दिसते. ताल शाबूत, लय द्रुत, आणि जिवाला धोका! तिथे 'अतालता' खोटा पडतो. 'स्पंदनबिघाड' दोन्ही सामावून घेतो.

आणि 'प्राण्यांमध्ये' तेवढं काढा. गिनीपिग ज्या मात्रेला कोसळतो तिला उंदीर दादही देत नाही, कारण उंदराच्या हृदयातल्या पंपाला हे औषध नीट चिकटतच नाही. प्राण्याचं नाव लिहा.

प्रश्नकर्ती
पटलं, दादा. वाक्य असं केलं: 'वाबेनची मात्रा वाढवत नेल्यावर गिनीपिगमध्ये आधी आकुंचनबल वाढते, नंतर स्पंदनबिघाड सुरू होतो.'