मदत हवी आहे: बोका, क्रोशे आणि गायब झालेला हातभर धागा

धागा शोधायला धागा काढतेय, हसू नका, जरा टेन्शनमध्ये आहे.

दीड वर्षाचा बोका आहे, नाव गुंडू, ऑपरेशन झालंय, घरातच असतो. आणि मला क्रोशेचा नाद. म्हणजे घरात गुंडे दोन, एक लोकरीचा आणि एक हा, आणि एकाचं दुसऱ्यावाचून पान हलत नाही. मी सुई हातात घेतली रे घेतली की असेल तिथून उठून येणार, आधी मांडीवर बसून गरीब चेहरा करणार, मग एक पंजा हळूच लोकरीवर, मग माझ्याकडे बघणार, मग दुसरा पंजा. ओरडलं की पाठ फिरवून अंग चाटत बसतो, जसं काही झालंच नाही. एक अख्खी टोपी उसवून दिलीय त्याने आत्तापर्यंत. (खरं सांगायचं तर ती मलाही आवडली नव्हती.)

मध्ये कंटाळून जिगसॉ आणलं, हजार तुकड्यांचं. त्यावर हा बरोबर मधोमध झोपतो आणि उठताना पोटाच्या केसांना चिकटलेले तुकडे घेऊन जातो, तेही आकाशाचे, जे आधीच सगळे सारखे दिसतात. मग वॉटरकलर काढले, तर स्वतःच्या वाटीतलं स्वच्छ पाणी सोडून ब्रश धुतलेलं पाणी प्यायला लागला. ते बंद केलं आणि परत लोकरीवर आले.

तर मुद्दा. पांघरुणाचे ४८ चौकोन विणून झालेत, ते एकमेकांना जोडतेय, काल रात्रीपर्यंत ३१ जोडून झाले. पुढच्यासाठी निळ्या लोकरीचं हातभर टोक कापून बाजूला ठेवलं, तेवढ्यात बहिणीचा फोन आला, आमचं बोलणं म्हणजे तुम्हाला कल्पना असेल, पाऊण तास, फोन ठेवून बघते तर टोक नाही आणि गुंडू शेजारी बसून ओठ चाटतोय. सोफ्याखाली बघितलं, उशीच्या अभ्र्यात बघितलं, चपलांमध्ये पण बघितलं. आज सकाळी त्याने रोजच्या निम्मंच खाल्लं. उलटी नाही. शी काल दुपारी केली त्यानंतर नाही. खेळतोय तसा.

खाल्लं असेल तर आपोआप बाहेर पडतं का? वाट बघू की डॉक्टरकडे नेऊ? आणि हे निस्तरलं की पुढचा प्रश्न, लोकर आणि बोका एका घरात नांदवायचे कसे?

आळशी_माऊ
ताई वाट बघू नका, आजच न्या. छोटा तुकडा असेल तर पडतोही बाहेर, पण हातभर लोकर ही भानगड वेगळी आहे. मांजराच्या जिभेवर मागच्या बाजूला वळलेले काटे असतात ना, त्यामुळे धागा तोंडात गेला की त्यांना नीट थुंकता येत नाही, आत आतच जातो. मग कधी एक टोक जिभेच्या मुळाशी नाहीतर जठराच्या तोंडाशी अडकतं आणि उरलेला धागा आतड्यात पुढे जात राहतो. नाडी ओढल्यावर कापडाला चुण्या पडतात तशा आतड्याला पडतात, आणि ताणलेल्या धाग्याने आतडं कापलं जाऊ शकतं. मग पोट उघडण्याशिवाय इलाज नसतो.

आणि हे नीट वाचा: तोंडातून किंवा मागून टोक लोंबताना दिसलं तर ओढायचं नाही, कितीही मोह झाला तरी. घरी तेल पाजणं, उलटी काढणं असले प्रयोग पण नकोत. उलट्या सुरू झाल्या, खाणं सुटलं किंवा कोपऱ्यात जाऊन बसला तर रात्र असली तरी निघा.

धागाकर्ती
बापरे. निघाले. खोक्यात बसायला एरवी कायम तयार असतो, डॉक्टरकडे न्यायची पेटी दिसली की चार पायांचे आठ होतात.

उसवणराव
डॉक्टर काय म्हणाले ते कळवा. तोवर दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो, मी पण विणतो आणि माझ्याकडे दोन मांजरी आहेत. पाण्याचा फवारा वगैरे मारू नका, त्याने लोकर सुटत नाही, फक्त तुमची भीती बसते. मांजरं पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्यात जास्त जागी असतात आणि आपण नेमके संध्याकाळीच सुई काढतो. म्हणून विणायच्या आधी १०-१५ मिनिटं काडीला बांधलेलं पीस घेऊन त्याला दमवा, शेवटी ते त्याला पकडू द्या, हे महत्त्वाचं, नुसतं हुलकावत राहिलात तर चिडतो, आणि लगेच खायला घाला. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप असा त्यांचा क्रम असतो. तो झोपला की मग तुमचं राज्य. खेळून झालं की ते पीस आणि दोरीपण कपाटात, ती पण गिळतात.

लोकर झाकणाच्या डब्यात, झाकणाला भोक, त्यातून धागा बाहेर. उठताना कात्री, टोकं, ओवलेली सुई सगळं आत. सुईसकट धागा गेला तर विचारच करायला नको. जिगसॉ जाड कापडावर लावा म्हणजे रात्री गुंडाळून ठेवता येतं, शेजारी एक रिकामं खोकं ठेवा.

रंगपेटी
ब्रशच्या पाण्याला झाकण ठेवाच, काही रंगांत कॅडमियम, कोबाल्ट असतं. आणि चित्रासाठी फुलं आणत असाल तर लिली अजिबात नको. अंगावर पडलेले परागकण चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी मांजराच्या किडन्या जाऊ शकतात. हे मला फार उशिरा कळलं, नशिबाने आमची मनी तेव्हा फुलदाणीपर्यंत पोचली नव्हती.

धागाकर्ती
अपडेट. डॉक्टरांनी तोंड उघडून जिभेखाली बघितलं, पोट चाचपलं, एक्स-रे काढला. लोकर एक्स-रेत दिसत नाही म्हणे, पण आतडं गोळा झालंय का त्याचा अंदाज येतो. तसं काही दिसलं नाही. दोन दिवस खाण्यावर आणि शीवर लक्ष ठेवा म्हणाले. घरी आल्यावर साहेबांनी वाटी चाटूनपुसून साफ केली. काल शी, आज शी, मी दोन्ही वेळा काडी घेऊन तपासणी केली, ह्या छंदाचं नाव कुठे सांगू नका. धागा नाही.

आज दुपारी पांघरूण उघडलं, चौकोन मोजले. ३२.

परत मोजले. ३२. फोन खांद्याला लावून बोलता बोलता मीच तो चौकोन शिवून टाकला होता, टोकसुद्धा आत लपवलं होतं व्यवस्थित. सगळ्यात सरळ शिलाई त्याचीच आलीय.

उसवणराव
😂😂 मग ओठ का चाटत होता?

धागाकर्ती
ते त्यालाच माहीत. झाकणाचा डबा केलाय तुम्ही सांगितला तसा. गुंडू झाकणावर बसलाय आणि त्याच्या पोटाखालून धागा येतोय, मी विणतेय हळूहळू.